क्षारपड जमिनीत पाचट ठेवताय? मग नत्राचा हिशोब असा मांडा

कृष्णा-वारणेच्या काठाला, शिरोळ, मिरज, वाळवा या पट्ट्यात पाचट (तोडणीनंतर रानात उरलेली उसाची वाळलेली पानं) न जाळता राखलेला खोडवा (त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळदा पिवळा पडतो. शेजारच्या रानात पाचट पेटवलेलं असतं आणि तिथला ऊस हिरवा दिसतो. नव्याने शेती बघणारा माणूस यावरून एकच अर्थ काढतो: पाचटाने घात केला. पुढच्या वर्षी तोही काडी लावतो. एकरी चार टन पाचटात सुमारे 18 किलो नत्र (नायट्रोजन) असतं, ते धुरात जातं आणि उघडी पडलेली जमीन खालचं मीठ आणखी जोरात वर ओढते. खरं तर पाचट ठेवलं हे बरोबरच होतं. चुकलं ते नत्र कधी दिलं, कुठे टाकलं आणि कोणतं टाकलं, त्यात.

पुढचं सगळं उसाच्या खोडव्याला धरून लिहिलं आहे. गव्हाचं काड किंवा मक्याची धाटं शेतात ठेवणाऱ्यांनाही तत्त्व तेच लागू पडतं, आकडे मात्र बदलतील.

आधी जमीन नेमकी कोणती ते ठरवा

क्षारपड हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या जमिनी दडलेल्या असतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे. खारवट जमिनीत विरघळलेले क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात वरंब्याच्या माथ्यावर पांढरी फुली येते, सामू (pH) 8.5 च्या आत असतो आणि संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर जाते. चोपण जमिनीत क्षार कमी पण मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम जास्त, म्हणजे 15 टक्क्यांच्या वर. सामू 8.5 च्या पुढे जातो, माती ओली असताना चिकट, वाळली की दगडासारखी, आणि पाणी दिवसेंदिवस वर उभं. दोन्ही दोष एकत्र असलेली क्षारयुक्त-चोपण जमीनही बरीच आहे.

घरच्या घरी पहिला अंदाज असा घ्या. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी घ्या. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि ग्लास हलवू नका. ढेकूळ फुटून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर चोपणपणाची शंका कमी. ढेकळाभोवती दुधाळ ढग तयार होऊन दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर सोडियमने मातीचे कण सुटे केलेत, जमीन चोपण होत चालली आहे. विहिरीचं खारं पाणी या चाचणीला चालत नाही. त्यातल्या क्षारांमुळे कण खाली बसतात आणि जमीन चांगली असल्याचा भास होतो. विद्राव्य क्षार भरपूर असलेल्या जमिनीतही पाणी नितळ राहू शकतं, म्हणून पक्का निर्णय प्रयोगशाळेच्या अहवालावरच घ्या.

नमुना घेताना फक्त पांढऱ्या फुलीवरची माती खरवडून आणू नका. एकसारख्या दिसणाऱ्या रानातून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी खड्डे घ्या. 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर अशा तीन थरांची माती वेगळी ठेवा, प्रत्येक थराची माती एकत्र करून अर्धा किलो पाठवा. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना भरण्याची चूक हमखास होते, त्याने सगळे आकडे बिघडतात. सामू, विद्युतवाहकता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, मुक्त चुना आणि विनिमययुक्त (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमची टक्केवारी एवढं मागा. सोबत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची बाटलीही द्या.

अहवाल हातात आल्यावर एक गोष्ट विचाराच: विद्युतवाहकता कोणत्या द्रावणात मोजली? बऱ्याच प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी घेऊन मोजतात. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो. "माझी तर फक्त 1.2 आहे, 4 च्या आत" असं समाधान यातूनच तयार होतं. शिवाय 4 ही जमिनीला नाव देण्याची रेषा आहे, उसाच्या सहनशक्तीची नाही. संपृक्त अर्कात 1.7 च्या वर गेलं की उसाचं उत्पादन घटायला लागतं आणि पुढच्या प्रत्येक एका डेसीसायमनमागे साधारण 6 टक्के उतरतं.

नत्र जातं कुठे

पाचटात कर्ब (कार्बन) सुमारे 40 टक्के आणि नत्र 0.4 ते 0.5 टक्के. म्हणजे एकरी चार टनांत 1,600 किलो कर्ब आणि 18 किलो नत्र, गुणोत्तर जवळजवळ 90 ला 1. कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात हे गुणोत्तर 8 ते 10 ला 1 असतं. कर्बाचा काही भाग श्वसनात उडून जातो, पण तीसेक टक्के जरी त्यांच्या शरीरात बसला तरी 480 किलो कर्बासाठी त्यांना 50 किलोंच्या आसपास नत्र लागतं. पाचटात 18 च आहे. उरलेलं ते मातीतून, म्हणजे तुम्ही उसाला घातलेल्या खतातून उचलतात. जिवाणू मुळांपेक्षा चपळ असतात, त्यामुळे या ओढाताणीत सुरुवातीला पीकच उपाशी राहतं. हे नत्र वाया जात नाही. जिवाणू मेले की ते परत मिळतं. चांगल्या जमिनीत ही उपासमार सहा-आठ आठवड्यांत सरते. खाऱ्या जमिनीत जिवाणूंचं कामच मंदावतं, म्हणून कुजणं लांबतं आणि अडकलेलं नत्र सुटायलाही उशीर होतो.

दुसरी गळती हवेत होते. युरिया मातीत पडला की त्याचा अमोनियम होतो. सामू 7.25 असेल तर त्यातला शंभरातला एक भाग अमोनिया वायूच्या रूपात असतो, 8.25 ला सुमारे नऊ भाग आणि 9.25 ला निम्मा. चोपण जमिनीवर युरिया फेकून दिला की काही दिवसांत नाकाला झोंबणारा वास येतो, तो तुमच्या पैशाचाच वास आहे. पाचटामुळे हे आणखी वाढतं, कारण युरियाचा अमोनिया करणारं युरिएज हे विकर पाचटावर भरपूर असतं आणि तिथे अमोनिया धरून ठेवायला माती नसते. त्यात भर म्हणजे क्षारांमुळे अमोनियमचं नायट्रेट व्हायलाही वेळ लागतो, म्हणजे तो उडून जाण्याच्या रूपात जास्त दिवस पडून राहतो.

नायट्रेट झालं तरी सुटका नाही. चोपण रानात पाणी साचलं की हवा संपते आणि काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. नत्र वायू होऊन निघून जातं. ताजं पाचट हे त्यांना आयतं खाद्य. साचलेलं पाणी, ताजं पाचट आणि नायट्रेट तिन्ही एकत्र आले की नुकसान सर्वांत मोठं. आणि जे मुळापर्यंत पोचतं त्यालाही क्लोराइडशी धक्काबुक्की करत आत शिरावं लागतं. म्हणूनच क्षारपड जमिनीला शिफारशीपेक्षा 25 टक्के नत्र जास्त द्यायला सांगतात. निचरा नसेल तर ही 25 टक्के वाढ आम्ही सांगणार नाही. ती त्याच वाटेने जाते.

आधी पाण्याला वाट

सरीत पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशीही उभं राहत असेल तर त्या वर्षी सरीत पाचट भरू नका. आधी कडेचे चर साफ करा, ओढ्यापर्यंत उतार मोकळा करा. पाण्याची पातळी कायमच वर असेल तर जमिनीखालच्या सच्छिद्र नळ्यांच्या निचऱ्याला पर्याय नाही. त्या सुमारे एक ते सव्वा मीटर खोल टाकतात. एकट्याने केलेलं हे काम बहुधा फसतं, कारण शेजाऱ्याचं पाणी तुमच्याच नळीत येतं. बाहेर पडणारं पाणी कुठे सोडायचं हे आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी मिळून आधी ठरवावं लागतं. तोवर पाचट रानाबाहेर खड्ड्यात कुजवा आणि खत करून परत आणा.

चोपण जमिनीला जिप्सम लागतं, पण त्याची वेळ लागणीच्या मशागतीत. प्रयोगशाळेने काढलेल्या गरजेच्या निम्मी मात्रा शेणखतात मिसळून वरच्या 15 ते 20 सेंटिमीटर थरात घाला आणि मग पाणी देऊन सुटलेला सोडियम खाली धुवा. नुसत्या खारवट जमिनीला जिप्समचा उपयोग नाही, तिथे निचरा आणि चांगलं पाणी हाच उपाय. क्षार धुण्याचं भरपूर पाणी नत्र देण्याच्या आधी द्यायचं. युरिया टाकल्यावर दिलं तर क्षारांबरोबर नायट्रेटही खाली जातं.

तोडणीपासून पहिला महिना

टोळीला आधीच सांगून ठेवा: तोड जमिनीलगत, पाचट पेटवायचं नाही, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) उचलल्यावर पाचट रानात सारखं पसरलेलं राहू द्यायचं.

मग पाचट किती आहे ते मोजा. अंदाजाने खत टाकण्यापेक्षा हे अर्ध्या तासाचं काम आहे. दहा फूट बाय दहा फूट असा चौकोन दोरीने आखा, त्यातलं वाळलेलं पाचट गोळा करून ताडपत्रीत बांधा आणि वजन करा. आलेल्या किलोंना 436 ने गुणा, एकराचं वजन मिळेल. नऊ किलो भरलं तर एकरी सुमारे 3,900 किलो. तीन ठिकाणी करून सरासरी घ्या.

आठवड्याच्या आत बुडख्यांवरचं पाचट सरीत लोटा. झाकलेल्या बुडख्यांचे कोंब पिवळट, लांबट निघतात आणि काही कुजतात. क्षारपड रानात पाचट एक आड सरीतच भरा, रिकाम्या सरीतून पाणी फिरवा. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीसपाट छाटून घ्या आणि दहा लिटर पाण्यात दहा ग्रॅम कार्बेन्डाझिम या प्रमाणात फवारा.

आता पाचटाचं स्वतःचं खत. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन. चार टनांना 32 किलो युरिया, 40 किलो सुपर, 4 किलो संवर्धन. या 32 किलोंतून सुमारे 15 किलो नत्र मिळतं, पाचटाचं गुणोत्तर 90 वरून 50 च्या खाली येतं. जिवाणूंची पूर्ण भूक यात भागत नाही, पण पाचट एकदम कुजत नसल्याने सुरुवातीचा धक्का निघतो. हे खत उसाच्या मात्रेतून वजा करायचं नाही. तिथेच लोक काटकसर करतात आणि पाचटाला दोष देतात.

सामू 8.5 च्या वर असेल तर पाचटावर युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या, टनाला 18 किलो, म्हणजे तेवढंच नत्र. त्याने माती किंचित आम्लाकडे झुकते. पण हेही उघड्यावर ठेवायचं खत नाही. चुनखडीच्या जमिनीत वर पडलेल्या अमोनियम सल्फेटमधूनही अमोनिया उडतो. कोणतंही खत घ्या, आधी पाचट ओलं करा, संध्याकाळी खत पसरा, वरंब्याची थोडी माती ओढून पाचटावर टाका आणि लगेच हलकं पाणी द्या. संवर्धन शेणकाल्यात मिसळून वेगळं शिंपडा, युरियाच्या द्रावणात घालू नका. शेणकाला खाऱ्या बोअरच्या पाण्यात कालवला तर रानात जाण्याआधीच निम्मं काम बिघडतं. त्यासाठी जमेल तेवढं गोडं पाणी वापरा. पाणी दिल्यावर सरीतून चालत पाचट पायाने दाबा. मातीला टेकलेलं पाचट कुजतं, अधांतरी राहिलेलं वाळून तसंच राहतं.

रोटावेटर फिरवून सगळं पाचट एकदम मातीत मिसळण्याचा मोह होतो. मिसळलेलं पाचट लवकर कुजतं हे खरं, पण नत्राची ओढाताणही सगळी एकदम, नेमकी कोंब फुटण्याच्या वेळी येते. शिवाय जमिनीवर आच्छादन उरत नाही. क्षारपड जमिनीत पाचटाचा निम्मा फायदा आच्छादनाचाच आहे: बाष्पीभवन कमी, म्हणून खालचं खारं पाणी वर चढणं कमी.

पहारीने पहिला हप्ता

खोडव्याची शिफारस हेक्टरी 250 किलो नत्र, 115 स्फुरद (फॉस्फरस) आणि 115 पालाश (पोटॅश) अशी आहे. एकरी नत्र 100 किलो, 25 टक्के वाढ धरून 125, म्हणजे साधारण 272 किलो युरिया. त्यातला निम्मा, 136 किलो, पहिल्या पंधरा दिवसांत द्यायचा. पिवळेपणा टाळणारा हप्ता हाच आहे. एकूण हप्ते वाढवायचे तर पुढे वाढवा, याची मात्रा कमी करू नका.

वाफसा (माती ना फार ओली, ना कोरडी) असताना बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर पहारीने तितकंच खोल छिद्र घ्या, दोन छिद्रांत 30 सेंटिमीटर अंतर. चार फुटी सरीत एकरी सुमारे 11,000 छिद्रं होतात, म्हणजे एका छिद्रात 12 ग्रॅम युरिया. सोबत सुपर आणि पोटॅश धरलं तर एकूण 30 ग्रॅमच्या आत. एखादं झाकण किंवा छोटा डबा घ्या, वजनकाट्यावर माप ठरवा आणि खूण करा. मजुराच्या चिमटीवर सोडू नका, पहिल्या सरीत 50 ग्रॅम आणि शेवटच्या सरीत 10 असं होतं. खत छिद्रात गेलं की टाचेने तोंड बंद. उघडं छिद्र म्हणजे अमोनियाचं धुराडं. बुडख्याला अगदी चिकटूनही देऊ नका. खाऱ्या जमिनीत मुळं आधीच पाण्यासाठी झगडत असतात, खताच्या खड्याजवळ क्षार आणखी वाढून ती करपतात. याच कारणाने अहवालात क्लोराइड जास्त असेल तर म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावं. महाग पडतं, म्हणून निदान सर्वांत खाऱ्या तुकड्यापुरतं तरी.

दुसऱ्या दिवशी हलकं पाणी. दुसरा हप्ता सुमारे 120 ते 135 दिवसांनी, वरंब्याच्या विरुद्ध बाजूला.

दीड महिन्यांनी रान वाचा

पिवळा ऊस दिसला की युरिया, ही सवय सोडा. कोणतं पान पिवळं आहे ते आधी बघा. खालची, जुनी पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या दिशेने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता. वरची कोवळी पानं पांढुरकी-पिवळी आणि शिरा हिरव्या, तर तो केवडा. तिथे लोह मिळत नाही, कारण सामू आणि चुना जास्त आहे. त्यावर दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट फवारतात, युरिया वाढवून केवडा जात नाही. पानांची टोकं आणि कडा करपल्या तर क्षार. आणि मुळं काळी, मातीला कुजका वास, तर पाणी साचलंय, खताचा विषयच नाही.

तरीही शंका असेल तर दोन सऱ्यांना सुमारे वीस फूट लांबीत थोडा युरिया जादा पुरून द्या, त्याच्या शेजारची पट्टी तशीच ठेवा. दहा-बारा दिवसांत जादा दिलेली पट्टी गडद झाली तर नत्र कमी आहे. फरक पडला नाही तर दुखणं दुसरं आहे आणि उरलेल्या गोण्या घरात राहू द्या.

पाचट कुजतंय का हेही डोळ्यांनी बघता येतं. मच्छरदाणीच्या जुन्या कापडाच्या सहा पिशव्या शिवा, प्रत्येकीत 100 ग्रॅम वाळलेलं पाचट भरा. तीन पिशव्या चांगल्या तुकड्यात, तीन खाऱ्या तुकड्यात, पाचटाच्या थराखाली मातीला टेकवून ठेवा आणि काठीने खूण करा. महिन्याला दोन्हीकडची एकेक काढा, माती झटका, सावलीत पूर्ण वाळवा आणि वजन करा. खाऱ्या तुकड्यातली पिशवी जितकी मागे राहील, तितकं तिथलं नत्र उशिरा सुटणार. अशा तुकड्याला दुसरा हप्ता चुकवून चालत नाही.

खोडवा मोडून नवी लागण करायची असेल तर मध्ये ढैंचा घ्या, एकरी 16 ते 20 किलो बी. ढैंचा क्षार सोसतो, 45 ते 50 दिवसांनी फुलोऱ्याआधी गाडला की कोवळा असल्यामुळे लवकर कुजतो आणि जमिनीतलं नत्र न ओढता उलट सोडतो. फुलोरा उलटून दांडे जून झाले की तोही पाचटासारखाच वागायला लागतो. उरलेलं अर्धवट पाचट याच नांगरटीत ढैंच्याबरोबर गाडून टाका. लागणीआधी मातीचा नमुना पुन्हा पहिल्याच ठिकाणांवरून घ्या. त्यासाठी पहिल्या खेपेलाच बांधापासूनची पावलं वहीत लिहून ठेवलेली बरी.